मॅडम कुलगुरू झाल्या? घाबरून जाऊ नका

बातमी व्हॉट्सअॅपवरच येते. कुणीतरी राज्यपालांकडून आलेल्या नेमणुकीच्या पत्राचा फोटो टाकतो, ग्रुपवर दोन मिनिटं सुतकी शांतता पसरते आणि मग पहिला हात जोडलेला इमोजी येतो. तुमची अवस्था मला कळते. वीस वर्षं विद्यापीठाच्या अधिसभेत काढलीत, येणाऱ्या प्रत्येक साहेबांना स्टेशनवर घ्यायला गेलात, कुठल्या साहेबांना चहाबरोबर काय लागतं हे तोंडपाठ केलंत. आणि आता खुर्चीत बाई! पण मी चाळीस वर्षं विद्यापीठाच्या प्रशासनात घालवलेला माणूस आहे. सांगतो तसं करा, काही होत नाही.

पहिलं म्हणजे सत्कार करा. पुरुष कुलगुरूंना शाल-श्रीफळात उरकता येतं, इथे हात आखडता घेऊ नका. खण-नारळ, ओटी, फेटा, सगळं. कर्मचारी संघटनेचा वेगळा, प्राचार्यांचा वेगळा, निवृत्तांचा वेगळा. पहिले तीन महिने बाई व्यासपीठावरून खाली उतरताच कामा नयेत. पत्रिकेत ‘प्रा. डॉ. सौ.’ अशी पूर्ण आगगाडी छापा. यजमानांनाही व्यासपीठावर बसवा आणि निवेदकाला सांगून ठेवा की यशामागे त्यांचा केवढा पाठिंबा आहे हे आलंच पाहिजे. यजमान बिचारे बँकेतून निवृत्त झालेले असतात, ते संकोचून चष्मा पुसतात. आधीच्या साहेबांच्या बायकांचा पाठिंबा कुणाला आठवला नव्हता हे खरं, पण त्या पहिल्या रांगेत गजरा माळून बसायच्या, तेवढं पुरे होतं.

भाषणात ‘पहिल्या महिला कुलगुरू’ हे शब्द किमान सात वेळा यायला हवेत. ‘पहिली’ हा शब्द बरणीच्या झाकणासारखा असतो, एकदा घट्ट बसला की दुसरी आत शिरत नाही. मुंबई विद्यापीठ बघा. स्थापना 1857 ची, पहिल्या महिला कुलगुरू डॉ. स्नेहलता देशमुख आल्या 1995 साली. म्हणजे 138 वर्षं लागली. त्यांची मुदत 2000 मध्ये संपली आणि नियमित नेमणुकीवरची दुसरी अजून यायची आहे. घाई कसली?

शिवाय बाई खुर्चीत बसली की काय होतं, तेही तिथेच दिसलं. बालशल्यचिकित्सक बाई, सायन रुग्णालयाच्या अधिष्ठाता राहिलेल्या. आल्या आणि विद्यार्थ्याच्या कागदपत्रांवर आईचं नाव घालून मोकळ्या झाल्या. आता आईने नऊ महिने पोटात वाढवलं, फीसाठी बांगड्या मोडल्या, पहाटे उठून डबा दिला, हे सगळं मान्य. पण म्हणून छापील नमुन्यात एक रकाना वाढवायचा? परीक्षा विभागावर त्याचा ताण किती पडतो, याचा विचार करणारा माणूस खुर्चीत हवा.

हंसा मेहतांचंही असंच. 1946 साली त्यांना एसएनडीटी या महिला विद्यापीठाचं कुलगुरूपद मिळालं, इथपर्यंत ठीक होतं. एसएनडीटी म्हणजे लोकलचा लेडीज डबा. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्येच सोय करून ठेवलेली, बसा आरामात. पण 1949 मध्ये त्या थेट बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या, म्हणजे जनरल डब्यातच चढल्या. त्याआधी संयुक्त राष्ट्रांत जाऊन मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल ते शब्द काढायला लावून ‘सर्व माणसं’ करून आल्या होत्या. अशी माणसं मसुदे वाचतात. मसुदे वाचणाऱ्यांपासून सावध राहावं.

आमच्या विद्यापीठातल्या मॅडम कुलगुरूही वाचायच्या. एकदा एक संस्थाचालक आले, वाढीव तुकडीची मान्यता हवी होती. दालनात मॅडम एकट्याच काहीतरी वाचत बसलेल्या. यांनी विचारलं, “साहेब कधी येणारेत?” मॅडम म्हणाल्या, “बसा.” हे बसले, म्हणाले, “तोवर चहा सांगा. बिनसाखरेचा.” मॅडमनी बेल वाजवून सांगितला, बिनसाखरेचाच. चहा येईपर्यंत त्यांचीच फाइल काढून घेतली. कागदावर शिक्षक नऊ, पगारपत्रकावर चार, आणि त्या चारांतल्या एकाची हजेरी दुसऱ्या तालुक्यातल्या महाविद्यालयातही लागलेली. संस्थाचालकांनी चहा अर्धाच प्यायला. बाहेर येऊन मला म्हणाले, “बाई फार तुसड्या आहेत हो.” मी मान डोलावली. याच कारणासाठी आधीच्या साहेबांनी एक फाइल परत पाठवली होती तेव्हा हेच गृहस्थ ‘कडक माणूस’ म्हणून त्यांना उद्घाटनाला घेऊन गेले होते. मी स्वतः त्या जेवणाला होतो, बासुंदी होती.

तर फाइल वाचू द्यायची नाही, हे सूत्र. ती संध्याकाळी सहाला न्या, तीनशे पानांची, वर ‘तातडीचे’ अशी लाल चिठ्ठी लावून. काही विचारलंच तर “मॅडम, तसा प्रघात नाही” म्हणा. प्रघात कुठे लिहिलेला नसतो, त्यामुळे तो कुणाला तपासताही येत नाही.

खरे निर्णय कुठे होतात हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. व्यवस्थापन परिषद दोनदा बसते. दुपारी कार्यवृत्तासाठी, आणि रात्री विश्रामगृहावर, नुसतीच ‘बसते’. चखणा संपेपर्यंत कुठल्या विषयाला कोण अनुमोदन देणार ते ठरलेलं असतं. मॅडमना अर्थातच बोलवायचं नाही. त्यांना अवघडल्यासारखं होईल! दुसऱ्या दिवशी त्या मुद्देसूद टिपण घेऊन येतात आणि सगळे एका सुरात “झालं की हे, मॅडम” म्हणतात.

मुळात वेळ इथपर्यंत येऊच नये, त्यासाठी सुरुवातीपासून लक्ष हवं. विभागात हुशार बाई दिसली की तिच्याकडे समित्या द्या. अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षपदी 2013 च्या कायद्याने बाईच लागते, म्हणजे ती एक गेली. मग मुलींचं वसतिगृह, युवक महोत्सव, ‘नॅक’ म्हणजे दर्जा तपासणारी समिती आली की रांगोळी, औक्षण आणि सातव्या निकषातली लिंगसमानता. संशोधनाला वेळ उरला तर स्मरणिका आहेच. कुलगुरूपदाला प्राध्यापक म्हणून दहा वर्षांचा अनुभव लागतो. बाळंतपणं, मुलांची दहावी-बारावी, सासूबाईंचं दुखणं, शिवाय पदोन्नतीच्या फाइलीत दर वेळी निघणारी एक त्रुटी, असं करत बाई प्राध्यापक होते ती बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी. त्यात दहा मिळवा. पाच वर्षांची मुदत, पण पासष्टला निवृत्ती. बेरीज मी करत नाही, तुम्हीच करा. यात कुणी कुणावर अन्याय केला असं कुठे दिसतंय का?

बायकांचा मान ठेवत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. महाराष्ट्राइतका मान कुठेच नाही. विद्यापीठांची नावंच बघा. पुण्यात 2014 पासून सावित्रीबाई, जळगावात 2018 पासून बहिणाबाई, सोलापुरात 2019 पासून अहिल्यादेवी. कमानीवर कोरलेली बाई सर्वांत सोयीची, ती सही करत नाही. सोलापुरात तेवढी गडबड झाली. नाव अहिल्यादेवींचं आणि त्याच वेळी खुर्चीतही बाई, मृणालिनी फडणवीस. असे दुहेरी योग टाळता आले तर बघा. पुण्याने बरी वाट काढली. राज्यशास्त्राच्या प्राध्यापक शांतिश्री पंडित 2022 मध्ये जेएनयूच्या पहिल्या महिला कुलगुरू झाल्या, दिल्लीला. आपली लेक बाहेरगावी मोठी झाली की सत्कारही करता येतो आणि खुर्चीही मोकळी राहते. अलीगढनेही तोल छान सांभाळला होता. 1920 मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ होत्या, पण रोजचा कारभार बघणाऱ्या कुलगुरूच्या जागी बाई बसायला 2024 उजाडलं. शोभेला आपली कधीच ना नसते.

आता एक शेवटची बाब, जरा नाजूक. आमच्या कुलगुरू दालनाला लागून जे स्वच्छतागृह आहे, ते बांधताना भिंतीवर फक्त उभ्याने वापरायची सोय केली. आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मॅडम रुजू झाल्या त्या आठवड्यात मी प्रस्ताव पाठवला. अभियांत्रिकी विभागाने अंदाजपत्रक केलं, लेखा विभागाने दोन शंका काढल्या, निविदेला एकच ठेकेदार आला म्हणून ती रद्द झाली. पाच वर्षं मॅडम जिना उतरून, कॉरिडॉर ओलांडून विद्यार्थिनींच्या रांगेत उभ्या राहायच्या. तिथे मुली त्यांना निकाल का लागत नाही ते सांगायच्या, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागाची धांदल उडायची. मंजुरी अखेर आली ती मॅडमच्या निरोप समारंभाच्या दिवशी. कार्यकारी अभियंता फाइल घेऊन माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “आता काय करायचं? पुढचे साहेब आले तर परत फोडावं लागेल.”

मी शेरा मारला, ‘तूर्त प्रलंबित ठेवावे.’