खुलासा: द्राक्षबियांच्या कॅप्सूलने ब्लॉकेज विरघळत नाही
रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: द्राक्षबियांच्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल तीन महिने घ्या, ब्लॉकेज विरघळेल, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा. हे साफ चूक आहे. धमनीतला थर अशा कॅप्सूलने विरघळल्याचा पुरावा नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत ९,५४१ जणांपैकी निम्म्यांना नैसर्गिक स्रोतातले ई जीवनसत्त्व (हेही अँटिऑक्सिडंटच) सुमारे साडेचार वर्षे रोज दिले. हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. आवळा, पेरू, पालेभाज्या जरूर खा. पण स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने सोडली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही आजच टाका.