‘गाण्यांसाठी सील्ड, धडधडाटासाठी पोर्टेड’ हे सूत्र चुकीचं आहे

गाडीत सबवूफर (खोल बास देणारा स्पीकर, थोडक्यात सब) बसवायचा म्हटलं की हा सल्ला हमखास मिळतो: “गाणी ऐकायची तर सील्ड बॉक्स घ्या, पोर्टेडचा बास ढिला असतो. आणि सील्डमध्ये चुकायला जागाच नाही. फक्त खोल बास हवा असेल तरच पोर्टेड.” सील्ड म्हणजे पूर्ण बंद बॉक्स, पोर्टेड म्हणजे हवेसाठी नळी (पोर्ट) असलेला. या सल्ल्यावर विसंबून लोक नको तो बॉक्स घेतात आणि दोष चांगल्या सबला देतात.

चुकायला जागा नाही? सबच्या गरजेपेक्षा बॉक्स लहान करून बघा. एकूण क्यू (बॉक्ससह सब किती घुमतो याचा आकडा, बॉक्स लहान केला की वाढतो) ०.७ च्या आसपास असेल तर आवाज सपाट राहतो. तो १ च्या वर गेला की सील्डही घुमतो, बासची प्रत्येक नोट सारखीच वाटते.

ढिला बास: यात थोडं तथ्य आहे. पोर्टेडमध्ये आवाज रेंगाळतो, पण मुख्यतः ट्यूनिंगच्या (पोर्टमधली हवा ज्या वारंवारतेला सर्वात जोरात हलते तिच्या) जवळपास. बॉक्स ४५-५० हर्ट्झला ट्यून केलेला असेल तर ते रेंगाळणं थेट गाण्यात येतं. ३२-३३ ला असेल तर ढोल आणि किक ड्रमचा ठोका त्याच्या बराच वर राहतो. आवाज अगदी कमी ठेवून ३३ ला ट्यून केलेल्या बॉक्सवर ३३ चा टोन लावा. सबचा कोन (पुढचा हलणारा पडदा) जवळजवळ स्थिर दिसेल, पोर्टसमोर हात धरलात तर वारा लागेल. आता २० चा टोन लावा. कोन सैरभैर हलेल, आवाज मात्र फारसा नाही. बॉक्समधल्या हवेचा आधारच सुटलेला असतो. म्हणून पोर्टेडला सबसॉनिक फिल्टर (ट्यूनिंगखालचे सूर अडवणारा) हवाच. तो न लावता बिघडलेल्या सबचं खापर पोर्टवर फोडू नका.

खोल बास पोर्टेडचाच, हेही अर्धंच खरं. ट्यूनिंगखाली पोर्टेड ऑक्टेव्हमागे (हर्ट्झ निम्मे झाले की) २४ डेसिबलने कोसळतो, सील्ड १२ ने. त्यात बंद केबिन साधारण ६० हर्ट्झखालचा बास स्वतःच उचलून धरते. काचा आणि पत्रा हलतात, त्यामुळे पूर्ण भरपाई होत नाही, तरी मोकळ्या हॉलमध्ये किरकोळ वाटणारा सील्ड बॉक्स गाडीत चांगला खोल उतरतो.

आणि या सल्ल्यात सबचं नावच नाही, याचं मला सर्वात वाईट वाटतं. सबच्या माहितीपत्रकात एफएस (सबची स्वतःची नैसर्गिक वारंवारता) आणि क्यूईएस (तिथे सबला विजेच्या बाजूने किती लगाम बसतो याचा आकडा) दिलेले असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ५० च्या आसपास किंवा खाली आलं तर सील्ड, १०० च्या जवळ आलं तर पोर्टेड. मधलं काही आलं तर डिकीत किती जागा सोडता येईल ते मोजा, कारण पोर्टेडला सहसा बरीच जास्त लागते.