रक्तातील मात्रा आणि मृत्यूचे कारण : म्हापशाच्या वाचकांस उत्तर

स. न.

आपले म्हणणे असे, की रक्तात वेदनाशामकाची घातक मात्रा सापडली म्हणजे मृत्यूचे कारणही सापडले, आणि शवचिकित्सेनंतर 'व्हिसेरा (रासायनिक तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला' असे छापून आले की प्रकरण दडपले जात आहे असे खुशाल समजावे. आधी माझी चूक मान्य करतो. मूळ लेखात मी नुसते 'रक्त' म्हटले. ते शरीराच्या कोणत्या भागातून काढलेले, हे सांगितले नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

मृत्यूनंतर यकृत, फुप्फुसे आणि जठर यांतले औषध हृदयातील रक्तात झिरपत राहते, त्यामुळे तिथून घेतलेल्या नमुन्यात फेंटानिल या अतितीव्र वेदनाशामकाचा आकडा प्रत्यक्षाहून बराच फुगलेला दिसू शकतो. म्हणून मांडीतील शिरेचे रक्त घेणे इष्ट असते. पण तो आकडा बिनचूक असला तरी कोणाच्या रक्तातला, हा प्रश्न उरतोच. कर्करोगाच्या वेदनांसाठी महिनोन्महिने मॉर्फीन घेणारी आजी ज्या मात्रेवर पेज पिऊन गप्पा मारत बसते, तीच मात्रा तिच्या डब्यातल्या गोळ्या कंबरदुखीवर घेणाऱ्या जावयाचा श्वास थांबवू शकते. वर अल्प्राझोलामसारखी चिंता शमवणारी, गुंगी आणणारी गोळी किंवा दोन पेले फेणी असेल, तर त्याहून कमी मात्राही पुरते. बांबोळीच्या शवागारात अशा मृताची फुप्फुसे जड, पाणावलेली दिसतात आणि नाकातोंडाशी फेस असतो, हे खरे. परंतु बुडून मेलेल्यातही साधारण तेच दिसते, आणि आपल्या किनाऱ्यावर हा घोळ परवडणारा नाही. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत डॉक्टर मत राखून ठेवतात ते यासाठी. (अहवालाला लागणाऱ्या विलंबाबद्दलचा आपला राग मात्र रास्त आहे.)

लघवीत औषध आहे का हे झटपट पाहणारी पट्टी नकारात्मक आली, म्हणून औषधाचा संबंधच नाही, हा आपला दुसरा मुद्दाही टिकत नाही. ती पट्टी मॉर्फीनच्या जातकुळीसाठी बनवलेली असते. ट्रामाडोल (हेही एक वेदनाशामक) आणि फेंटानिल सहसा तिच्या हाती लागत नाहीत. त्यांची खात्री करायला क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून एकेक ओळखणाऱ्या तपासण्या, कराव्या लागतात, आणि नेमके काय शोधायचे हे प्रयोगशाळेला कळवणारा पंचनामा हवा. प्रेत पालथे केल्यावर पाठीवर चिकटलेला फेंटानिलचा पॅच (त्वचेतून औषध सोडणारी पट्टी) दिसला का, ट्रामाडोलच्या पाकिटात किती गोळ्या उरल्या होत्या आणि चिठ्ठीवर तारीख कोणती होती? २०१८ पासून ट्रामाडोल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, तेव्हा औषधविक्रेत्याकडे त्याची नोंद असायलाच हवी. आपण ज्या प्रकरणाचा हवाला दिला आहे, त्यात ही नोंद कोणी तपासली का, हे मलाही विचारावेसे वाटते.