तीन म्हैन्यांची शुगर

तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायचं तर सुईआधी कान तयार करावे लागतात. इशीजी, यमाराय, शिटी स्कॅन ही नावं आता आम्हीही तशीच घेतो. मागे एका मावशींनी मालकांची 'अंजूग्राफी' झाल्याचं सांगितलं, तर बाकावरच्या दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्यांची अंजू झाली, आता प्लास्टिक बाकी हाय." दोघींना एकमेकींचं व्यवस्थित कळलं. आमचा नवा टेक्निशियन उच्चार सुधारायला मध्ये पडला आणि 'अँजिओप्लास्टी' म्हणताना त्याचीच बोबडी वळली.

पावसाळा सरता सरता डेंगी आली की प्लेटलेट्सच्या 'प्लेटा' होतात. दीड लाखाच्या वर हव्यात, हे सगळ्यांना पाठ. फोनवर "किती प्लेटा राहिल्या?" ऐकलं की लग्नाच्या केटररकडे कामाला असल्यासारखं वाटतं.

हे सगळं परवडलं. खरी गोची उपाशीपोटीच्या शुगरची. त्याआधी निदान आठ तास पाण्याशिवाय काही पोटात जायला नको.

"काकू, उपाशी आहात ना?"

"म्हंजे काय! चतुर्थी हाय आज."

"काही खाल्लं?"

"छ्या! वाटीभर साबुदाणा आन् एक केळ."

आणि एचबीएवनसी? ते नाव घ्यायच्या भानगडीत कुणी पडत नाही, डॉक्टरही 'तीन महिन्यांची शुगर' म्हणून मोकळे होतात. एका आजोबांनी बाही वर केली, माझ्या हातातली नळी न्याहाळली आणि काळजीनं विचारलं, "तीन म्हैन्यांची ना? मग येवढ्याशा रगतात भागंल?"

म्हटलं, "भागेल की. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. शुगर त्यांना चिकटून बसते. मागचं खाल्लेलं लपत नाही."

आजोबा गप्प झाले. मग जरा पुढं वाकून, सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "मागल्या म्हैन्यात भाच्याचं लगीन झालं. जिलबी पण दिसंल?"

"दिसणारच."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, बाही खाली ओढली, बटण लावलं आणि उठले.

"मंग दोन म्हैन्यांनी येतो, सिस्टर."