मिठाचं कारंजं आणि कणांचं कारंजं : एका आक्षेपाला उत्तर

खाली खारं आणि वर गोडं पाणी अशा दोन थरांच्या टाकीत, तळाच्या तोटीतून वर उडवलेल्या काचेचे कण मिसळलेल्या जड पाण्याच्या कारंज्यावरच्या लेखाला तुम्ही प्रतिक्रिया दिलीत. तिच्यात तीन मुद्दे आहेत. दोन थरांच्या टाकीत कारंजं लेखातल्या सूत्रापेक्षा बरंच खाली थांबलं. काचेच्या कणांऐवजी तेवढ्याच घनतेचं मिठाचं पाणी सोडलं तरी शेवटी दोन्ही कारंजी थरांच्या सीमेवरच पसरली, मग कणांचा एवढा बाऊ कशाला? आणि ज्वालामुखीशी केलेली तुलना ओढूनताणून आहे.

पहिला मुद्दा मान्य, चूक लेखाचीच आहे. उंची = 2.46 × तोटीची त्रिज्या × फ्रूड अंक (कारंज्याच्या वेगाचा जोर त्याच्या जडपणापुढे किती, हे सांगणारा आकडा), हे प्रवाहांचे अभ्यासक टर्नर यांच्या 1966 च्या प्रयोगांवरून येणारं सूत्र एकाच घनतेच्या पाण्यासाठी आहे, आणि तेही स्थिरावलेल्या उंचीसाठी. पहिली उसळी साधारण 1.4 पट जाते. लेखातली टाकी घ्या: तोटी 6 मिमी व्यासाची, वेग सेकंदाला 50 सेंमी, खालचा थर 1010, वरचा 1000 आणि कारंज्याचं मिश्रण 1030 (घनतेचे आकडे घनमीटरला किलो). सूत्र म्हणतं 15 सेंमी. पण सीमा 10 सेंमीवर असेल तर तिथे पोहोचेपर्यंत कारंज्यातल्या 1 वाटी मिश्रणात खालच्या थराच्या सव्वाचार वाट्या ओढल्या गेलेल्या असतात. खाली असताना त्या वाट्यांचं ओझं शून्य होतं. सीमा ओलांडली की त्यांतली प्रत्येक वाटी वरच्या थरापेक्षा 10 ने जड ठरते. मूळ वाटीही आता 20 ऐवजी 30 ने जड, म्हणून एकूण ओझं 20 वरून 73 वर जातं, साडेतीन पटींहून जास्त! कारंजं सीमेच्या वर जेमतेम दीड-दोन सेंमी चढून मान टाकतं. परतणाऱ्या पाण्याचा अडथळा या ढोबळ हिशेबात धरलेला नाही, तो धरला तर उंची आणखी थोडी कमीच भरेल.

तिसरा मुद्दा लगेच उरकतो. टाकीत उष्णता नाही, वातावरणात दोन सरळ थर नाहीत, हे खरंच. तुलना एका गोष्टीपुरतीच होती: राख आणि गरम वायू यांचं मिश्रण हवेपेक्षा जड असतं तोवर जमिनीलगत धावतं, राख गळाली की उरलेला वायू हलका होऊन वर उठतो. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या 18 मे 1980 च्या उद्रेकात आडव्या स्फोटाने पसरलेल्या प्रवाहातून असाच अवाढव्य ढग उठला. त्यापलीकडे तुलना ताणायची नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर.

आता दुसरा, आणि खरा मुद्दा. उंचीपुरतं मीठ आणि कण सारखेच, यात वाद नाही. 50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काचेचा मणी सेकंदाला 2 मिमी बुडतो. कारंज्याच्या स्वतःच्या वेगाचं माप सेकंदाला तीन सेंमीच्या आसपास असतं, त्यामुळे वर जाताना कण पाण्याला सोडतच नाहीत. (200 मायक्रॉनचे मणी घ्याल तर ते माथ्यावरच वेगळे होतील. तो निराळा प्रयोग.) फरक पडतो तो परत येताना.

हिशेब असा. 1 वाटी मूळ मिश्रण, त्यात वरच्या थराच्या ब वाट्या. खालच्या थराच्या वाट्या कितीही असोत, त्यांनी तोल बदलत नाही. खालच्या थराच्या तुलनेत मिठाच्या मिश्रणाचा जडपणा 20 − 10ब. म्हणजे ब 2 पेक्षा कमी असेल तर ते तळाला जातं, जास्त असेल तर सीमेवर तरंगतं. कणांच्या बाबतीत गळती होईपर्यंत हाच नियम. पण कण गळाल्यावर मूळ वाटीत फक्त गोडं पाणी उरतं आणि हिशेब −10 − 10ब होतो. ब काहीही असो, ते पाणी खालच्या थरात राहूच शकत नाही.

तुम्ही सीमा 4 सेंमीवर ठेवली होती. तिथे कारंजं वरच्या थरात सुमारे 7 सेंमी घुसतं आणि ब साडेतीनच्या पुढे जातो. मिठाचं पाणीही सीमेवर येणारच! तुमचं निरीक्षण अचूक आहे. फक्त फरक दिसूच नये अशी जागा निवडली गेली. सीमा 10 सेंमीवर न्या, ब एकच्या आत येईल. मीठ तळाशी पसरून तिथेच राहील. कणांचं पाणीही आधी तळाशी पसरेल आणि मग तिथून धुरकट झिरमिळ्यांसारखं उठून सीमेखाली साचेल.

हे दिसायला दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रंग पाण्यात विरघळतो, म्हणून तो पाण्याचाच मार्ग दाखवतो. कण पाहायला बाजूने प्रकाशाची पातळ पट्टी हवी. मिश्रणाची बादली सतत ढवळा, नळीला खाली लोंबणारा झोळ ठेवू नका, नाहीतर कण तिथेच बसतात आणि तोटीतून जवळजवळ साधं पाणी येतं. खात्रीसाठी तोटीतून 100 मिली पाणी गोळा करा, निथळून मणी वाळवा, वजन करा: घनफळाने 2 टक्के काच असेल तर 5 ग्रॅम भरायला हवेत. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा. ताज्या पाण्यातले बुडबुडे मण्यांना चिकटून त्यांना तरंगवतात, शिवाय थरांच्या तापमानात 4 अंशांचा फरक राहिला तर घनतेत जवळजवळ 1 चा घोळ होतो. खालच्या थरासाठी लीटरला 14 ग्रॅम मीठ पुरतं. गोडं पाणी तरंगत्या स्पंजवरून सावकाश ओता.

आणि मणी 50 मायक्रॉनपेक्षा बारीक घेऊ नका. तळावरचा दोन सेंमी जाडीचा प्रवाह 40 सेंमी रुंद टाकीच्या भिंतीला दहा सेकंदांत भिडतो. 50 मायक्रॉनचे मणी तेवढ्यात गळतात, 20 मायक्रॉनच्यांना मिनिट लागतं, आणि तोवर भिंतीवरून परत फिरलेलं पाणी सगळं चित्र गढूळ करून टाकतं.