आत्याची चिल्लर आणि बँकेची खिडकी

माझी आत्या आमच्या गावच्या देवळाबाहेर हार, फुले आणि तुळस विकते. सकाळी सहाला टपरी उघडल्यापासून दुपारच्या आरतीपर्यंत तिच्या हाती जे पैसे येतात, त्यांत नोटा थोड्या आणि नाणी जास्त असतात. क्यूआर कोडचा फलक तिनेही लावला आहे, पण वयस्कर माणसे अजून नाणीच काढून देतात. मोडीला लागतील तेवढी नाणी गल्ल्यात ठेवून उरलेली ती तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकत असे. पावसाळ्याआधी टपरीवरचा गळका पत्रा बदलायचा ठरला, तेव्हा तीन वर्षांनी तो डबा उघडला आणि एका संध्याकाळी आम्ही दोघे सतरंजीवर ती रास ओतून बसलो.

दहा-दहाच्या थप्प्या लावता लावता रात्रीचे अकरा वाजले. बोटे काळी पडली होती आणि साबणाने दोनदा हात धुऊनही तो धातूचा वास जात नव्हता. सर्वांत जास्त वेळ रुपया आणि दोन रुपये वेगळे करण्यात गेला. १९९२ मध्ये आलेला स्टीलचा जुना रुपया आणि २०११ च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणे हे दोन्ही २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅम वजनाचे आहेत, त्यामुळे स्पर्शाने फरक कळत नाही. आत्या प्रत्येक नाणे दिव्याखाली धरून आकडा वाचत होती. शेवटी शंभर-शंभर नाण्यांच्या बारा प्लॅस्टिकच्या पिशव्या भरल्या: रुपयाच्या चार, दोन रुपयांच्या तीन, पाचच्या तीन आणि दहाच्या दोन. एकूण साडेचार हजार रुपये. शिवाय पन्नास पैशांची सोळा नाणी निघाली.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पिशवीकडे पाहिले आणि ‘चिल्लर घेत नाही, ठेवायला जागा नाही’ एवढेच सांगितले. आत्याने एक शब्द न बोलता पिशवी उचलली आणि ती दाराकडे वळली. तिचे ते मुकाट्याने वळणे माझ्या मनातून अजून जात नाही. स्वतःच्या कष्टाचा पैसा घेऊन आलेल्या बाईला आपणच काहीतरी चुकीचे आणले आहे असे वाटावे, ही गोष्ट मला फार लागली आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

रिझर्व्ह बँकेच्या सूचना या बाबतीत स्वच्छ आहेत. बँकेच्या प्रत्येक शाखेने नाणी स्वीकारली पाहिजेत, मग ती खात्यात भरायची असोत की बदलून नोटा घ्यायच्या असोत. ‘आम्ही फक्त आमच्या खातेदारांचीच नाणी घेतो’ असे म्हणण्याचीही मुभा नाही. काही ठिकाणी २०११ च्या नाणे कायद्यातील एक हजार रुपयांच्या मर्यादेकडे बोट दाखवले जाते. ती मर्यादा कायद्यात आहे हे खरे. एका व्यवहारात एक हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम नाण्यांत घेण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. बँकेत नाणी भरण्यावर अशी कोणतीही मर्यादा नाही, असे रिझर्व्ह बँकेने स्वतंत्रपणे स्पष्ट केले आहे.

मी हे सर्व शाखाधिकाऱ्यांना शांतपणे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पिशव्या पाहिल्या आणि अर्ध्या तासात पैसे आत्याच्या खात्यात जमा झाले. त्याच वेळी तिने पैसे काढण्याची पावती भरून नोटाही घेतल्या. अर्ध्या तासाचे काम होते. मी बरोबर नसतो, तर ती तशीच घरी परतली असती आणि कुणाला तरी बट्टा देऊन बंदे पैसे करून घेतले असते. एकेकाळी बाजारात सुट्ट्यांची टंचाई होती, तेव्हा दुकानदार चिल्लर मिळवण्यासाठी वर पैसे मोजत. आता तीच चिल्लर खपवण्यासाठी गरिबाने पदरचे पैसे का घालवावेत?

कर्मचाऱ्यांची अडचण मला कळते. एका खिडकीवर एक माणूस, समोर रांग आणि नाणी हाताने मोजायची, हे सोपे नाही. वजनावर नाणी घ्यावीत असे रिझर्व्ह बँक सुचवते, पण २०११ च्या मालिकेतील रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि २०१९ च्या मालिकेतील ३.०९ ग्रॅमचा, तेव्हा सरमिसळ पिशवीचे वजन काय सांगणार? म्हणून शंभराच्या पिशव्या करून नेणे सर्वांच्याच सोयीचे आहे, आणि तेवढे कष्ट आपणही घ्यावेत असे मला मनापासून वाटते. जागेचा प्रश्नही खोटा नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या दानपेटीतील नाणी ठेवायला बँकांकडे जागा उरली नाही, अशा बातम्या २०२३ मध्ये आपण वाचल्या आहेत. पण हा प्रश्न बँका आणि रिझर्व्ह बँक यांनी आपसात सोडवायचा आहे. त्याचा भार फुलवालीच्या डोक्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

त्याच वर्षी क्यूआर कोडवर नाणी देणारी यंत्रे बसवण्याचा प्रयोग रिझर्व्ह बँकेने जाहीर केला. उपक्रम चांगला आहे, पण ती यंत्रे नाणी देतात, घेत नाहीत. घराघरांतल्या डब्यांत अडकलेली नाणी परत फिरती करायची असतील, तर प्रत्येक शाखेने आठवड्यातला एक ठरावीक दिवस नाण्यांसाठी राखून ठेवावा आणि तसा मराठीत फलक लावावा, एवढी माझी साधी मागणी आहे.

बाजारातल्या अफवांचाही येथे उल्लेख करायलाच हवा. दहा रुपयांचे नाणे ‘चालत नाही’ म्हणून आत्याला कितीदा तरी परत मिळाले आहे. रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेले, अशी दहा रुपयांच्या नाण्यांची सर्व १४ रूपे वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले. कृपया आपल्या ओळखीच्या दुकानदारांना आणि रिक्षावाल्यांना हे जरूर सांगा.

तुम्हालाही कुठे नकार मिळाला, तर आधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि त्यासाठी शुल्क लागत नाही.

पन्नास पैशांची ती सोळा नाणी मात्र ‘ही बंद झाली’ म्हणून त्या दिवशी आम्हाला परत मिळाली. ३० जून २०११ पासून चलनातून गेली ती पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी. पन्नास पैसे आजही वैध आहेत. आठ रुपयांचाच प्रश्न आहे, आत्या तर ‘राहू दे’ म्हणाली. मी अर्ज लिहून ठेवला आहे, दोन प्रतींत, आणि सोमवारी ती नाणी घेऊन पुन्हा त्याच खिडकीवर जाणार आहे.