दोन वाजता बंद होणारं स्वयंपाकघर

मे महिना लागला की मला इथे स्वित्झर्लंडमध्ये दोन प्रकारचे निरोप यायला लागतात. पहिला असा : 'तुझ्या ल्युसर्नला आमचा ग्रुप १७ तारखेला येतोय, दीड तास आहे, भेटशील का?' आणि दुसरा : 'आम्ही आमचे आमचे येतोय. टुरिस्टी काही नको. एकदम लोकल खायचंय, कुणाला माहीत नसलेलं काहीतरी दाखव.' पहिला निरोप कोल्हापूरच्या काका-मावशांचा, दुसरा त्यांच्याच पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांचा. या दोन पार्ट्यांचं भांडण आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभर चालू असतं. आल्प्समध्ये जाऊन छोले आणि गुलाबजामच खायचे तर एवढे पैसे कशाला घालवायचे, असं मुलं विचारतात. मोठे म्हणतात, तुम्ही खा काय ते, आम्हाला दहा दिवस पोट सांभाळायचंय.

अकरा वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा मी मुलांच्या पार्टीत होते, तेही तावातावाने. युंगफ्राउयोख या आल्प्समधल्या बर्फाळ खिंडीत ३,४५४ मीटर उंचीवर 'बॉलिवूड' नावाचं रेस्टॉरंट आहे हे कळल्यावर मी एक अख्खा दिवस चिडचिड केली होती. आता मी मोठ्यांच्या पार्टीत गेले आहे असं नाही, पण हे भांडण जेवणाचं आहे यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

त्याचं कारण मावशी. ती पहिल्यांदा आली ती ग्रुपबरोबरच. बस श्वानेनप्लात्झला थांबली. हा आमच्याकडचा मोक्याचा चौक, समोर तळं आणि मागे घड्याळांची दुकानं. वाजले होते अडीच. जेवण आधीच कुठल्याशा भारतीय रेस्टॉरंटमध्ये उरकलेलं. लाकडी चॅपल ब्रिजवर फोटो, चॉकलेट, घड्याळाच्या दुकानात एसीची हवा, की परत बस. समजा तिला त्या दिवशी लोकल जेवायचंच असतं, तरी अडीच वाजता कुणी वाढलं नसतं. इथली साधी, चांगली रेस्टॉरंटं साडेअकराला दुपारचं जेवण सुरू करतात आणि दोनच्या आत स्वयंपाकघर बंद होतं. मग संध्याकाळपर्यंत काही नाही. 'टागेसमेन्यू', म्हणजे त्या दिवसाचं ताट, बाराच्या ठोक्याला ऑफिसातून उठणाऱ्या माणसांसाठी असतं. सूप किंवा सॅलड, एक मुख्य पदार्थ, वीस-पंचवीस फ्रँकच्या आसपास. बहुतेक ठिकाणी शाकाहारी ताटही असतं. यात लपलेलं काही नाही, दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं.

शाकाहाराचं म्हणाल तर मुलं समजतात तेवढं ते सोपं नाही. रोश्टी म्हणजे किसलेला बटाटाच, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. फॉन्द्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, व्हाइट वाइन असते, बऱ्याचदा चेरीची दारूही. आणि इथली परंपरागत पद्धतीची चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, हे तर मलाही दोन वर्षांनी कळलं. कोल्हापुरात जन्म काढून शाकाहारी राहिलेल्या बाईला (हे काही सोपं काम नव्हे) 'बावळटासारखी पोळी कसली मागतेस' म्हणण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आणि खरं लोकल म्हणजे काय, तेही एकदा सांगून टाकते. माझ्या शेजारच्या घरात आठवड्यातले तीन-चार दिवस रात्रीचं जेवण म्हणजे पाव, लोणी, चीज, जॅम आणि दूध घातलेली कॉफी. गार. त्याला 'काफे कोंप्ले' असं झकास नाव आहे, पण त्याचे फोटो काढायला कुणी येत नाही. हीच शेजारीण सुट्टीला निघते तेव्हा तिच्या बॅगेत आरोमाटची पिवळी डबी असते. मिठासारखा भुरभुरायचा मसाला आहे तो. मी तिला आमचं मेतकूट दाखवलं तर म्हणाली, हो हो, तेच!

गंमत म्हणजे झुरिचमधलं हिल्टल हे शाकाहारी रेस्टॉरंट १८९८ पासून चालू आहे. मांस न खाणाऱ्यांची तेव्हा गवतखाऊ म्हणून टिंगल व्हायची. त्या घरातल्या मार्ग्रिट हिल्टल १९५१ साली दिल्लीच्या जागतिक शाकाहार परिषदेला गेल्या आणि परत येताना भारतीय पदार्थ डोक्यात घेऊन आल्या. म्हणजे झुरिचमध्ये भाजी-भात खाणं हे लोकल की नाही, हा वाद घालायचा असेल तर खुशाल घाला.

मावशी दुसऱ्यांदा आली ती महिनाभर, माझ्याकडे राहायला. तिला अ‍ॅल्पलरमाग्रोनन खायला घातलं. मॅकरोनी, बटाटा, साय, चीज, वर तळलेला कांदा आणि शेजारी वाटीत शिजवलेल्या सफरचंदाचा गर. हे डोंगरातल्या गुराख्यांचं जेवण. (चीज तेवढं मी रेनेट बघून आणलं होतं.) तिने वाटीत बोट घालून चाखलं. 'अगं, हा तर साखरांबा!' मग निमूटपणे पोळीशी खावा तसा मॅकरोनीशी लावून खाल्ला. मंगळवारी आणि शनिवारी नदीकाठी बाजार भरतो, तिथून सफरचंदं आणायचं काम तिने स्वतःकडे घेतलं.

त्याच बाजारातून येताना एकदा तिला जरा खालच्या अंगाला घेऊन गेले. चॅपल ब्रिजवरून पाच-सात मिनिटांवर रॉइस नदीत लाकडी दांड्यांची एक रांग उभी आहे. नाडेलवेर, म्हणजे सुयांचा बंधारा, म्हणतात त्याला. १८५९-६० मध्ये बांधलेला बंधारा. तळ्याचं पाणी किती राखायचं आणि किती सोडायचं, हे त्या 'सुया' हाताने काढून-घालून ठरवतात. मी भाषण सुरू करणार तेवढ्यात मावशी कठड्याला टेकून म्हणाली, 'बरगे आहेत हे. कधी काढतात?' बर्फ वितळायला लागलं की, मी म्हटलं. 'आणि धोक्याची पातळी?' कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका, हे जिला झोपेतही पाठ आहे तिचा प्रश्न तो. मला उत्तर येत नव्हतं. अकरा वर्षं इथे राहून! २००५ च्या ऑगस्टमध्ये या शहरात पाणी शिरलं होतं, हे मी तिला सांगितलं. त्याच पावसाळ्यात पंचगंगेनं तिच्या गल्लीत काय केलं होतं ते मग तिने मला सांगितलं. अर्धा तास आम्ही तिथेच उभ्या होतो.

बंधाऱ्याला लागूनच श्प्रॉयर पूल. नदीत कोंडा टाकायची परवानगी फक्त या पुलावरून होती, म्हणून हे नाव. छताखाली सतराव्या शतकातली चित्रं आहेत. नवरी, व्यापारी, धर्मगुरू, प्रत्येकाच्या बाजूला एकेक सांगाडा हसत उभा. आणि टिटलिसचा डोंगर बघून झुरिचकडे जाणारी बस ज्या सोनेनबर्ग बोगद्यातून जाते, तो १९७६ मध्ये अणुयुद्धाच्या भीतीने २०,००० माणसांचा निवारा म्हणूनही बांधला होता. १९८७ च्या सरावात त्याचं एक अवाढव्य दार लागेचना. बस त्यातून जाते तेव्हा गाइड बहुधा अंताक्षरी घेत असतो.

हे सगळं त्याच चौकाच्या आसपास आहे, त्यासाठी फक्त एक दुपार लागते. पण 'दहा दिवसांत सहा देश' या जाहिरातीत दुपार बसत नाही. घरच्या भांडणात त्या 'सहा'बद्दल कुणी तोंडच उघडत नाही, सगळे पोळीच्या मागे.

मुलांच्या पार्टीलाही मी आता एवढ्या सहज सोडत नाही. हॉटेल नको, 'इथल्यासारखं राहायचंय' म्हणून ती घरं भाड्याने घेतात. आमच्या जिन्यातला एक फ्लॅट तसाच गेला. २०२३ च्या मार्चमध्ये शहराने मतदान करून असं घर वर्षाला ९० रात्रींच्या वर देता येणार नाही असं ठरवलं (मला मताधिकार नाही, मी नुसती बघत होते). ब्रिएन्झ तळ्याकाठच्या इझेल्टवाल्ड या चिमुकल्या गावातला धक्का एका कोरियन मालिकेत दिसला आणि इतकी झुंबड उडाली की आता तिथे फोटोसाठी पाच फ्रँक टाकून फाटकातून जावं लागतं. देवकुंडचं आणि कासचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. बसमधली मावशी निदान दीड तासात निघून तरी जाते.

परवा तिचाच मुलगा येतोय. त्याने 'ऑफबीट ल्युसर्न' नावाची यादी ग्रुपवर टाकली. तेवीस ठिकाणं, दीड दिवस. मी काही लिहायच्या आत मावशीचा मेसेज आला : 'मंगळवारी बाजारात जा, सफरचंदं घे. जेवायला बारालाच बस, नंतर देत नाहीत. आणि त्या बंधाऱ्याची धोक्याची पातळी कुणाला तरी विचारून ये, हिला माहीत नाही.'